नानांचा त्रिकोण

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये सहसा बर्फ उपसायचं यंत्र, बासमतीच्या गोण्या, गेल्या गणपतीचं मखर आणि मुलांच्या लहानपणीच्या सायकली सापडतात. नानांच्या गॅरेजमध्ये 1968 सालचा शेवरोले सी-10 पिकअप ट्रक आहे. मखर तळघरात गेलं आणि घरातल्या दोन्ही नव्या गाड्या बाहेर बर्फात उभ्या असतात. त्यांना गंज चढला तरी नानांना सोयरसुतक नाही. "त्या काय, बदलता येतात," म्हणतात.

नाना मूळचे पुण्याचे. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन डेट्रॉईटच्या बाजूला आले आणि निवृत्तीपर्यंत एका मोटार कंपनीत त्यांनी दारं केली. केली म्हणजे दारांतले स्क्रू कमी केले. दारामागे एक स्क्रू वाचला तर कंपनीचे वर्षाकाठी किती डॉलर वाचतात, हे ते झोपेतसुद्धा सांगत. त्यांच्या कारकिर्दीत स्क्रूच्या जागी प्लॅस्टिकची क्लिप आली आणि रबरात बसवलेल्या काचेच्या जागी पॉलियुरेथेनने कायमची डकवलेली काच आली. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना एक स्क्रू मखमलीवर ठेवून, फ्रेम करून भेट दिला. तो दिवाणखान्यात सत्यनारायणाच्या फोटोशेजारी लटकतो. आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी पहिलं काम काय केलं? ज्यातला एकही स्क्रू कोणी वाचवलेला नाही, असा ट्रक विकत घेतला.

हा ट्रक 1968 चाच, हे नाना अंगावरच्या दिव्यांवरून सिद्ध करतात. बाजूचे मार्कर दिवे अमेरिकेत त्या वर्षापासून सक्तीचे झाले. 1967 च्या मॉडेलला ते नव्हते. ही माहिती तुम्ही विचारा अगर विचारू नका, चहाबरोबर मिळते. ट्रक आणला ॲरिझोनाहून. कारण मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते जुन्या गाडीचा पत्रा खाऊन टाकतं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा खणखणीत राहतो. मात्र उन्हाने जे जे रबर असेल त्याचा पापड होतो. थोडक्यात, गाडी शाबूत आणि तिचे सांधे गेलेले. "आपल्यासारखंच," काकू म्हणाल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. बसल्या त्या क्षणी त्यांच्या कानाशी काहीतरी खुळखुळलं.

ती त्रिकोणी काच होती. दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली, उभ्या आसावर फिरणारी. एसी नव्हता तेव्हा हीच गाडीतली हवेची सोय. जरा तिरकी केली की धावत्या गाडीतला वारा थेट अंगावर. पुण्यात नानांच्या वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट होती, तिलाही अशीच काच होती. पुढे एसी आले, डॅशबोर्डातून हवा खेळवायची सोय झाली. 1968 च्या कॅमारोमधून तर शेवरोलेनेच ही काच काढून टाकली. ट्रकवाल्यांकडे ती आणखी काही वर्षं टिकली. "त्रिकोण काढला तेव्हा किती सुटे भाग वाचले असतील!" असं नाना आधी अभिमानाने म्हणतात आणि मग गप्प होतात.

खुळखुळ ऐकून शेजारचा अमेरिकन धावत आला. तो जन्मभर कारखान्यात असेंब्ली लाईनवर उभा राहिलेला. त्याने काच हलवून पाहिली, घरी जाऊन सिलिकॉनची नळी आणली आणि म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे. नानांनी ती नळी उघडून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. व्हिनेगरचा वास! अशा सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते काच धरणाऱ्या लोखंडाच्या चॅनेलला लागलं की आतून गंज. म्हणजे ॲरिझोनाने पन्नास वर्षं सांभाळलेला पत्रा आपण नोव्हायमध्ये लोणच्यात घालायचा? शेजारी नळी घेऊन परत गेला. तो अजून बोलतो, पण कुंपणापलीकडून.

मग नानांनी मराठी मंडळातल्या आम्हा दोघातिघांना शनिवारी सकाळी बोलावलं. मदतीला, असं सांगून. प्रत्यक्षात नानांना मदत लागत नाही, श्रोते लागतात. "लक्ष द्या," म्हणाले, "काच सैल झालेली नाही. काच आहे तशीच आहे. काच आणि चॅनेल यांच्यामधलं जे आहे ते गेलं. माणसांचंही असंच असतं." या शेवटच्या वाक्यावर काकूंनी चहाचा ट्रे जरा जोरात ठेवला.

खरं काम असं: मोठी काच पूर्ण खाली करायची, दाराच्या कडेचे स्क्रू काढायचे, दोन काचांमधल्या उभ्या पट्टीचा खालचा बोल्ट सोडवायचा, आणि त्रिकोणाच्या खालच्या दांड्यावरचा स्प्रिंगचा नट ढिला करायचा. मग अख्खी चौकट मागे कलंडवून वर ओढायची. प्रत्येक स्क्रू निघाला की नाना तो तळहातावर घेऊन बघत आणि लेबल लावलेल्या डबीत ठेवत. माणसाने ज्यांना घरातून हाकललं, त्यांना पुन्हा पंक्तीला बसवावं, तसा त्यांचा चेहरा. चॅनेलमधून काच घट्ट बसवणाऱ्या जुन्या टेपचा काळा भुगा पडला. नानांनी तोही डबीत ठेवला. लेबलावर लिहिलं, 'मूळ'.

नवी सेटिंग टेप रबर आणि कॉर्कची, वेगवेगळ्या जाडीची मिळते: इंचाचा बत्तिसावा भाग, सोळावा भाग, मधले काही. नानांनी व्हर्निअर काढला. चॅनेलची आतली रुंदी वजा काचेची जाडी, भागिले दोन. टेप पातळ पडली तर काच निसटते, जाड झाली तर चॅनेल फाकतं किंवा काच तडकते. गणित मिलिमीटरमध्ये झालं, टेप इंचात आली, आणि या दोघांचा समेट होईपर्यंत आमचं जेवण उरकलं.

टेप काचेच्या कडेवर दुमडून घातली आणि काच चॅनेलवर टेकवली. जाईना. नानांनी रबरी हातोडी उचलली. तेवढ्यात काकू बाहेर आल्या, सिंकवरचं भांड्यांचं लिक्विड पाण्यात कालवलं आणि टेपवर दोन्हीकडून बोटाने फिरवलं. "कासार हाताला साबण लावून बांगडी कशी चढवतो, पाहिलंय ना? जोर केला की फुटते," म्हणाल्या आणि लाकडाचा ठोकळा कडेवर ठेवून एका टोकाकडून दाबत दाबत गेल्या. काच सरकत सरकत आत बसली. नाना म्हणाले, "हेच सांगणार होतो. मॅन्युअलमध्ये आहे." मॅन्युअलमध्ये साबणाचं पाणी होतं हे खरं, काकू नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी टेप सुकल्यावर जादा कडा ब्लेडने कापल्या, चौकट पुन्हा दारात बसली आणि उरला तो खालचा नट. तो ढिला राहिला तर वेगात वारा काच आपोआप मिटवतो, फार आवळला तर काच फिरता फिरत नाही आणि हँडल हातात येतं. नाना पाव फेरा घट्ट करत, काच फिरवून पाहत, पुन्हा पाव फेरा सैल करत. काकूंनी विचारलं, "झालं का?" नाना म्हणाले, "जवळजवळ." हा शब्द त्यांनी नोकरीत कधी वापरल्याचं ऐकिवात नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ट्रक वुडवर्ड ॲव्हेन्यूवर निघाला. 1995 पासून तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते, हजारो गाड्या, दुतर्फा खुर्च्या टाकून माणसं. गर्दी एवढी, की गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. काकूंनी दिमाखात त्रिकोण उघडला. खुळखुळ नव्हती. वाराही नव्हता, तो यायला गाडी धावावी लागते. काकू पदराने वारा घेत बसल्या आणि बघ्यांना नाना काच दाखवत राहिले.

मंडळातला एक तरुण इंजिनिअर भेटला. नव्या इलेक्ट्रिक गाडीची दारं करतो. "नाना, तुमचा विक्रम मोडला," तो उत्साहाने म्हणाला, "आतल्या पॅनेलला आता एकही स्क्रू नाही!"

नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. निवृत्त झालास की ये माझ्याकडे. डावीकडची काच तुझ्यासाठी सैल ठेवलीय."