पेपर सुधारा

४ मे २०२५च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राने जो उद्धटपणा केला, त्याचा निषेध करावा तितका थोडा. लातूरच्या ट्यूशन एरियात पोरांनी काय कमी केले होते? मागच्या सगळ्या वर्षांचे पेपर तोंडपाठ, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर रँक. प्रश्न वाचून व्हायच्या आत उत्तर आठवावे, इतकी तयारी. आणि ऐनवेळी प्रश्नच बदलले! वाचायचे, समजून घ्यायचे, मग गणित मांडायचे. ती काय शाळा आहे? आदल्या वर्षी हाच खेळ किती सभ्य होता. पहिल्या निकालात ६७ जण ७२० पैकी ७२०. २०२५ला देशात पहिला आलेला ६८६वर थांबला.

उपाय एकच. पेपर काढणाऱ्यांना वर्षभर लातूर-नांदेडच्या हॉस्टेलात ठेवावे, मेसचा डबा लावून द्यावा, मोबाईल काढून घ्यावा आणि पॅटर्न शिकवावा. शेवटी परीक्षेनेही विद्यार्थ्यांच्या अपेक्षेला उतरायला नको का?

तोवर पालकांनी घाबरू नये. ‘अनपेक्षित प्रश्नांचा अपेक्षित संच’ येतोच आहे, उत्तरांसह. पाठ करायला अगदी सोपा. नवी बॅच सोमवारपासून, फी एकरकमी.