माकडहाडाचा पंचनामा

मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही सोसायटीत जा, एकाच जिन्यावर दोन वंशांची माणसं राहतात. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी राज्य मंडळाची, दहावीतली. तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’, त्यामुळे तिचे पूर्वज रीतसर झाडावरून उतरलेले. सातव्या मजल्यावरचा मुलगा सीबीएसईचा. करोनाच्या काळात पोरांवरचा भार हलका करायचा म्हणून त्याच्या धड्यातली उत्क्रांती वगळली गेली, ती २०२३च्या पुस्तकात परत आलीच नाही. धड्याचं नाव उरलं नुसतं ‘आनुवंशिकता’. म्हणजे नाक बापाचं आणि डोळे आईचे कसे आले, हे त्याला कळतं. मुळात आईबाप कुठून आले, हे गुलदस्त्यात. फी मात्र सातव्या मजल्याची जास्त. पूर्वज कमी करून घ्यायलाही पैसे मोजावे लागतात.

अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी याविरुद्ध सह्यांचं पत्र काढलं. त्यावर उत्तर तयार होतं: बारावीच्या पुस्तकात आहे की! आहे, खोटं कशाला बोला. पण ते जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी. जो कॉमर्सला गेला किंवा जेईईच्या नादात जीवशास्त्राला रामराम ठोकून बसला, त्याची या विषयातून कायमची सुटका. आणि माकडाशी नातं सांगून सीएचा कुठला टॅक्स वाचणार आहे, हाही प्रश्न रास्तच.

मूळ तक्रार तशी जुनी, आणि तीही आपल्याच राज्यात गुदरलेली. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीर केलं, की डार्विनचा सिद्धांत शास्त्राच्या कसोटीवर चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेलं नाही की सांगितलेलं नाही, सबब अभ्यासक्रम बदलावा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून निषेधाचं निवेदन काढलं. वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळा, असं सांगितलं.

लोक उगाच हसले. सिंहसाहेब २०१२ ते २०१४ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. कुठल्याही पोलिसाच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येणार: पाहिलं कोणी? पंच कोण? जबाब कुठाय? आमची तक्रार एवढीच, की तपास तिथेच थांबला. घरफोडी करताना चोराला बहुधा कोणीच पाहत नाही. म्हणून घर फुटलंच नाही असा शेरा मारून फाइल बंद करत नाहीत. परिस्थितीजन्य पुरावा नावाची चीज आहे, तिच्यावर माणसं जन्मठेपेला गेली आहेत. आणि इथे मुद्देमाल तर प्रत्येक नागरिकाच्या ताब्यात आहे. कण्याच्या टोकाला माकडहाड आहे. शेपूट गेली, बुंधा राहिला. जबड्यात जागा नसताना येणारी आणि डेंटिस्टच्या मुलांच्या शिक्षणाची सोय लावणारी अक्कलदाढ आहे. आंत्रपुच्छ आहे, आणि आता कुठल्याही दिशेला न वळणारे कान वळवायचे स्नायू आहेत. अंगझडतीत एवढं सापडल्यावर साक्षीदार लागतो कशाला?

शिवाय माकडाचा माणूस झाला, हे कलम फिर्यादीत नव्हतंच. माकड आपला आजोबा नव्हे. दोघांचा मूळपुरुष एक, आणि पुढे दोन घराणी वेगळी झाली, एवढंच म्हणणं. म्हणजे सरळ भाऊबंदकी. कान्हेरीच्या पायऱ्यांवर तुमच्या हातातलं वेफर्सचं पाकीट हिसकावणारं माकड चोर नाही, चुलत घराण्यातलं आहे, वाटणी मागतंय.

साक्षीदारच हवा असेल तर तो अंधेरी पश्चिमेला उभा आहे. गिल्बर्ट हिल. सुमारे दोनशे फूट उंच, काळ्या बेसॉल्टच्या उभ्या खांबांची टेकडी, वय अंदाजे साडेसहा कोटी वर्षं. दख्खनचा लाव्हा वाहत होता, डायनासोर पृथ्वीवरून उठत होते, तेव्हाचा हा दगड. डायनासोर उल्कापाताने गेले की त्यात या लाव्हाचाही हात होता, यावर अजून भांडणं आहेत. पण ते गेले आणि बिळात दडून बसलेल्या चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्यांना मोकळं रान मिळालं, त्यांच्यातूनच पुढे आपण आलो. इतका मोठा प्रत्यक्षदर्शी! २००७मध्ये पालिकेने त्याला वारसा यादीत घेतलं. डोक्यावर देऊळ, पायथ्याला चहूबाजूंनी घरं, भोवती टॉवर. आजवर त्याचा जबाब घ्यायला मात्र कोणी आलेलं नाही.

डार्विन पुस्तकातून गेला तरी उपनगरातून गेलेला नाही. पुनर्विकासाच्या सर्वसाधारण सभेत तो हमखास येतो. बिल्डरचा माणूस प्रोजेक्टर लावतो, पडद्यावर पांढरी दाढी उमटते, आणि खाली मजकूर: जो बलवान तो टिकत नाही, जो बदलतो तो टिकतो. याचा अर्थ, पहिल्या मजल्यावरच्या हट्टी आजोबांनी सही करावी. सभा भारावते. ते वाक्य डार्विनचं नाहीच. लिऑन मेगिन्सन नावाच्या अमेरिकी व्यवस्थापन-प्राध्यापकाने १९६३मध्ये डार्विनचं सार म्हणून आपल्या शब्दांत काही सांगितलं, ते पुढे लोकांनी दाढीच्या नावावर चढवलं. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’सुद्धा आधी हर्बर्ट स्पेन्सरचं, १८६४चं. डार्विनने ते १८६९च्या आवृत्तीत उसनं घेतलं आणि कायमचं अंगावर ओढवून घेतलं. तेव्हापासून आठ-बावन्नच्या बोरिवली फास्टमध्ये कोपर मारणारा प्रत्येकजण स्वतःला निसर्गाची निवड समजतो.

आजोबांनी सही केली काय न केली काय, त्यात उत्क्रांती नाही. एकट्याने जिद्द धरून कोणी उत्क्रांत होत नसतो. जमावात आधीच बारीकसारीक फरक असतात, आपोआप झालेले. संकट येतं, बहुतेक मरतात, ज्यांच्याकडे योगायोगाने कामाचा फरक होता ते उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच. प्रेरणादायी असं त्यात काही नाही. पडद्यावर दाखवून एकही फ्लॅट विकला जाणार नाही.

या धड्याची खरी प्रॅक्टिकलं आपल्याकडे क्षयाचे जंतू करतात. औषधाचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप उतरतो, वजन वाढतं. माणूस गोळ्या बंद करतो आणि कामावर जातो. मेले ते औषधाला दाद देणारे जंतू. उरले ते निगरगट्ट, आणि आता खोलीभर खोकल्यातून पसरायला मोकळे. डॉक्टरांनीही हातभार कमी लावला नाही. धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाचं औषध लिहायला सांगितलं, तर ऐंशी वेगवेगळे नुस्खे निघाले, ही १९९१ची गोष्ट. २०१०च्या पाहणीत डॉक्टर १०६, नुस्खे ६३, बरोबर लिहिणारे सहा. वीस वर्षांत जंतू कुठल्या कुठे पोहोचले आणि प्रिस्क्रिप्शन होतं तिथेच.

पुढे व्हायचं तेच झालं. २०११च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. सरकार खडबडून जागं झालं आणि त्याने नावाला हरकत घेतली. ‘सर्व औषधांना न जुमानणारा’ असा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बसत नाही, म्हणे. व्याख्येत न बसणारा जंतू फुप्फुसात बसला होता, पण तो खात्याच्या अखत्यारीतला विषय नसावा.

परवा एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटे मेसेज पडला: ‘घसा धरलाय, कोणाकडे अॅझिथ्रोमायसिन आहे का?’ पाच मिनिटांत चौथ्या मजल्याचं उत्तर: ‘माझ्याकडे पाचातल्या दोन उरल्यात, बरं वाटलं म्हणून थांबवल्या. वॉचमनकडे देते.’ खाली अकरा जणांचे नमस्कार, तीन गुलाब, आणि सेक्रेटरींची सूचना, की लिफ्ट बंद असल्याने वॉचमनला जिन्याने येऊ द्यावे.