आठ सेंटिमीटरांचे रायपूर

रायपूरची गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूक अनंत चतुर्दशीला न निघता साधारणतः दोनेक दिवसांनी निघते, त्यामुळे पुण्याची मिरवणूक पुरती आटोपून, राहिलेली झोप आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये भरून काढून, तीच हौस पुन्हा भागवण्याची सोय मराठी छायाचित्रकाराला आपोआप होते. येथे तिला झांकी म्हणतात. झांकी म्हणजे दिव्यांनी मढवलेला चित्ररथ, आणि त्याच्या सोबतीला धुमाल, म्हणजे गाडीवरून वाजणारा असा वाद्यमेळ की ज्याचा ठेका कानाआधी बरगड्यांना कळतो.

अशा ठिकाणी चेहरे टिपण्यासाठी ‘हेलिऑस ४४-२’ हे जुने सोव्हिएत भिंग नेणे हा हौसेचा कळस होय. त्याचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर असते, छिद्र एफ/२ पर्यंत उघडते आणि पार्श्वभूमीचे दिवे भोवऱ्यासारखे गरगरतात; मात्र ते ४२ मिलिमीटरच्या आट्यांनी, मध्ये जोडकडे घालून, पिळून बसवावे लागत असल्याने आणि विजेचा संपर्क मुळीच नसल्याने, आधुनिक कॅमेरा आपल्याला भिंगच नाही अशा समजुतीत राहतो व त्याची समजूत मेनूत शिरून काढावी लागते.

खरी परीक्षा जयस्तंभ चौकात होते. रात्रीमुळे छिद्र पूर्ण उघडावे, तर दीड मीटरवरील माणसाचा जेमतेम ८ सेंटिमीटर जाडीचा काप स्पष्ट येतो (यालाच क्षेत्रखोली म्हणतात), आणि नाचणारा मनुष्य एका ठोक्यात त्याच्या दुप्पट सरकत असल्याने, कडे फिरवून डोळा साधेपर्यंत चौकटीत कान उरतो, तो बहुधा शेजाऱ्याचा. अंतर आधीच ठरवून सावज तेथे येण्याची वाट पाहण्याचा शास्त्रोक्त उपाय मालवीय रोडच्या रेटारेटीत छायाचित्रकारालाच सावज करतो. त्यातच “भइया, एक ठन मोरो फोटो खींच दे” अशी गळ घालणारे तरुण निश्चल उभे राहतात खरे, पण कडे जागेवर येताच, फोटो निघाला असे समजून, तो पाहायला थेट भिंगापाशी येतात.

सदर बाजार, पुरानी बस्ती ओलांडून मिरवणूक लाखेनगरला येते, तेव्हा स्वातंत्र्यसैनिक वामनराव लाखे यांचे आडनाव पाहून मराठी पाहुण्याला हायसे वाटते. फोटो मात्र तेथेही हलतोच. खारून नदीवरील महादेव घाटापर्यंतच्या साऱ्या रात्रीत पापण्यांच्या केसांसकट रेखीव आलेली मुद्रा एकच निघते, आणि ती जनरेटरला टेकून गाढ झोपलेल्या चालकाची असते.