रिकामा कोपरा नावाची अफवा

महाबळेश्वरला गेलेल्या माणसाने स्ट्रॉबेरी खावी, घोड्यावर बसून फोटो काढावा आणि चणे घेऊन घरी यावं. आम्ही मात्र वाटेत भिलारला उतरलो. पाचगणीजवळच्या या गावाने २०१७ साली आपल्या घरांतल्या खोल्या, देवळं, शाळा पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. तेव्हा पंचवीसेक ठिकाणी मिळून पंधराएक हजार पुस्तकं होती. कुणीही यावं, फुकट वाचावं. कुणाच्या तरी ओसरीत मी कादंबरी उघडून बसलो, आतून फोडणीचा वास येत होता, आणि तिथेच मी जाहीर केलं, “आपल्या पॅसेजच्या टोकाचा कोपरा नुसता रिकामा पडलाय. तिथे वाचनालय करायचं.”

“रिकामा?” बायकोने एवढंच विचारलं.

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, बिल्डरला पुढे काय करावं हे न सुचल्यामुळे तयार झालेली ही चार बाय तीन फुटांची जागा. कागदोपत्री ती कुणाचीच नव्हती. पण वाचनालय हा शब्द उच्चारला आणि जुन्या वाड्याच्या वाटणीला जमावेत तसे हक्कदार जमले. थर्माकोलचं मखर तिथे होतं. बंदी आल्यापासून ते सेवानिवृत्त, पण त्यात बाप्पा बसलेले, टाकणार कसं? कॅरम बोर्ड होता, मिक्सर गेल्यानंतर मागे राहिलेलं मिक्सरचं भांडं होतं. मावशींची बादली तिथेच असायची; त्यांनी “मग आता बादली हॉलमध्ये ठेवू?” असं फार नम्रपणे विचारलं. आई म्हणाली, “मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी चौरंग कुठे मांडू?” मार्गशीर्षाला सात महिने अवकाश होता. हक्काला मुदतीचा कायदा लागत नाही.

सुताराने टेप काढण्याआधी एकच प्रश्न केला, “शोपीस ठेवणार की पुस्तकं?”

“पुस्तकं.”

तो खिन्न झाला. “मग सलग फळी नको साहेब. अडीच फुटांवर उभी पट्टी मारू. नाहीतर पोट सुटतं.” हे बोलताना तो माझ्याकडे का पाहत होता, कोण जाणे. फूटभर पुस्तकांचं वजन आठ-दहा किलो सहज भरतं, हे त्याला तोंडपाठ. भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात ओल धरेल, मागे बोटभर जागा सोडा, हेही त्यानेच सांगितलं. वाचनसंस्कृतीवरच्या परिसंवादांना मी बराच बसलोय. पुस्तक टिकवण्याबद्दल इतकं नेमकं तिथे कुणी बोललेलं नाही. पुढच्या वेळी अध्यक्ष म्हणून सुतार बोलवावा.

पुस्तकं लावायची कशी, यावर मात्र घर फुटलं. लेकीचं मत, रंगाप्रमाणे. फोटोत छान दिसतात. मी ड्यूईची दशांश पद्धत काढली. १८७६ पासून जगभरची ग्रंथालयं तिच्यावर चालतात, आपला कोपरा का नाही? मराठी साहित्य ८९१.४६. मी चिठ्ठ्या चिकटवू लागलो.

“माझ्या पोथ्यांचा नंबर काय रे?” आईने विचारलं.

“२९४.५.”

“देवाला अपूर्णांक?”

आता तिला काय सांगणार? ड्यूईने धर्माला शंभर आकडे दिले खरे, पण त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्मालाच. उरलेलं जग २९० ते २९९ मध्ये अंग चोरून बसलंय. हे ऐकल्यावर आईने पोथ्या उचलल्या आणि देव्हाऱ्याखालच्या खणात परत नेल्या. पाककृतींच्या ‘रुचिरा’चा आकडा ६४१.५, पण तिच्या पानापानाला हळद आणि तेल लागलेलं. ती ओट्याजवळून हलणार नाही, असं बायकोने बजावलं. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरासाठी असतात. आमच्या घरात तो नियम पाळणारं हे एकच पुस्तक, आणि नेमकं तेच वाचनालयाबाहेर.

पहिल्या पावसात जुन्या दिवाळी अंकांत कसर दिसली. मला डांबराच्या गोळ्या आणायच्या होत्या, पण वासाने आईचं डोकं उठतं. तिने कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून फळ्याफळ्यांवर पसरला. कसर गेली की नाही ते पाहायच्या आतच आईचा दुसरा विचार आला: पाला इथे आहेच, तर वर्षाच्या तांदळाची कोठीही इथेच असू दे, पोरकिडे लागणार नाहीत. सर्वांत खालचा खण तसाही रिकामाच होता म्हणे. रिकामा!

मी कुरकुरलो, तेव्हा लेकीने मोबाइलवर शोधून ड्यूईमधला तांदळाचा आकडा काढला. ६३३.१८. चिठ्ठीही तिनेच चिकटवली, माझ्यापेक्षा सरळ. वर देवघेवीची वही कोठीच्या झाकणावर ठेवून दिली. परवा शेजारच्या काकू वाटीभर तांदूळ मागायला आल्या, तर पोरीने त्यांची सही घेतली आणि विचारलं, “परत कधी करणार?”