परोपकाराचे समाकलन

चंदीगडच्या विमानतळाजवळील मोहालीच्या एयरोसिटीत, जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या हंगामात, दोन प्रतिस्पर्धी परीक्षार्थी एकाच टेबलाशी बसून जुन्या प्रश्नपत्रिकेतील निश्चित समाकल सोडवताना दिसले, की मनुष्यस्वभावाविषयीची आपली निराशा काही काळ तहकूब करणे भाग पडते. शून्यापासून ‘अ’पर्यंतच्या समाकलात ‘क्ष’च्या जागी ‘अ वजा क्ष’ घातले की पुष्कळदा निम्मे काम फत्ते होते, हे गुपित एक जण दुसऱ्यास बिनमोबदला सांगून टाकतो. आणि गुणवत्तायादी मात्र त्याच दोघांना वरखाली बसविण्यास टपलेली असते. पालकवर्गाची या औदार्यास सक्त हरकत. परमुलखातही मुलाने परांजप्यांचा कित्ता गिरवावा, अशी मराठी मातोश्रींची ताकीद असतेच. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले खरे. परंतु तो मान जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून होता, ही बाब आमच्या अभिमानाच्या दफ्तरी सहसा आढळत नाही. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवार यादी जाहीर करणेच बंद केले. आमच्याकडे तसा अर्ज अजून आवक-बारनिशीतही चढलेला नाही.