आजारी एक, रुग्ण पाच
बहुमार्जार कुटुंबांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

प्रास्ताविक

ज्यांच्या घरी दोन किंवा त्याहून अधिक मांजरं आहेत, अशा नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. सध्या एकच मांजर असलेल्यांनीही ती वाचून ठेवावी, कारण ती अवस्था पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकते. मग जिन्याखाली कोणीतरी भिजून ओरडत असतं आणि ‘फक्त आजची रात्र’ या अटीवर आत येतं.

सोयीसाठी तुमच्या टू बीएचकेत पाच जण आहेत असं धरू : थोरली मनी, दांडगा गब्बर, लाजरी चिंगी, गोलमटोल बापू आणि गेल्या पावसाळ्यात एका रात्रीपुरता आलेला सोन्या. यांपैकी कोणीतरी आजारी आहे. कोण, ते माहीत नाही.

पायरी १ : आजारी कोण ते शोधणे

मांजर आजार लपवतं. ते शिकारी असलं तरी त्याच्यावर टपलेलेही असतात, म्हणून दुबळेपणा दाखवणं त्याला परवडत नाही. कुत्र्याला बरं नसेल तर सबंध इमारतीला कळतं. मांजराला बरं नसेल तर ते कपाटावरच्या बॅगांच्या मागे, अर्ज न देता रजेवर जातं.

तेव्हा पुढच्या गोष्टींवर नजर ठेवा. कधी मांडीवर न येणारी अचानक येऊन चिकटली; कायम मांडीवर असणारी दिसेनाशी झाली; अंग चाटणं थांबलं आणि केस विस्कटले; डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरट पडदा अर्धा वर आला; म्हातारी मनी एरवीपेक्षा जास्त पाणी प्यायला लागली. घुरघुर ऐकून मात्र निर्धास्त होऊ नका. मांजर सुखात घुरघुरतं तसंच दुखण्यातही घुरघुरतं.

घरात मांजर एकच असेल तर वाटी भरलेली राहिली की शंका येते. पाच मांजरांच्या घरात वाटी भरलेली राहतच नाही. चिंगीनं तोंड फिरवलं की शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं. तिचा वाटा गब्बर संपवतो. तुम्ही रिकामी वाटी पाहता आणि सगळे जेवले म्हणून निवांत झोपता.

उपाय दोन. एक, पाच वाट्या पाच ठिकाणी ठेवून जेवण होईपर्यंत पहारा देणे. दोन, वजनकाटा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, आकडा लिहा; मांजराला सोडून पुन्हा उभे राहा, आकडा लिहा; वजाबाकी करा. (दुसऱ्या आकड्याबद्दल ही मार्गदर्शिका काही म्हणणार नाही.) चार किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमनी घटलं तर ‘थोडं उतरलंय’ म्हणू नका. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेल्यासारखा तो हिशेब आहे.

पायरी २ : पुरावे गोळा करणे

उलटीची वेळ पहाटे चार. जागा, घरात गालिचा असेल तर गालिचा. तुम्ही दिवा लावेपर्यंत पाचही जण गोल करून बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘हे कोणी केलं?’ असा प्रश्न असतो. जबाब कोणीही देणार नाही. पंचनामा तुम्हालाच करायचा आहे.

फोटो काढा. डॉक्टर विचारतील : फेस होता, अन्न होतं, केसांचा गोळा होता की जंत होते? किती वेळा झाली? जेवणानंतर किती वेळानं? हा फोटो फक्त डॉक्टरांसाठी आहे. फॅमिली ग्रुपवर ‘सुप्रभात’च्या खाली तो टाकू नये.

जुलाब कोणाला होताहेत हे कळत नसेल तर एक जुनी युक्ती आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच करावी. बिनविषारी रंगखडूचा बारीक कीस एकेकाच्या ओल्या खाण्यात थोडासा मिसळायचा, प्रत्येकाचा रंग वेगळा. पुढे ट्रेमध्ये निकाल रंगीत लागतो.

ट्रेचा नियम : जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. म्हणजे सहा. टू बीएचकेत सहा लिटर ट्रे कोणत्या दिशेला ठेवावेत, याबाबत वास्तुशास्त्र मौन बाळगून आहे.

पायरी ३ : विलगीकरण

आजारी कोण ते कळलं. चिंगी. शिंकते आहे, डोळे चिकटले आहेत, खात नाही. मांजरांचा फ्लू शिंकेतून पसरतो, एकत्र वाटीतून पसरतो आणि तुमच्या हातांवरूनही पसरतो. तेव्हा तिला स्वतंत्र खोली, स्वतंत्र वाटी, स्वतंत्र ट्रे. आधी निरोगी मांजरांचं सगळं उरकायचं, शेवटी चिंगीकडे जायचं, बाहेर आल्यावर साबणानं हात धुवायचे.

दार लावताक्षणी पुढील घटना घडतात. त्या खोलीकडे आजवर ढुंकून न पाहिलेली चार मांजरं दारापाशी धरणं धरतात. दाराखालच्या फटीतून पंजे आत जातात. बाहेर न पडणारी चिंगी बाहेर येण्यासाठी दार ओरबाडते. रात्री आजारी मांजर बेडवर, पंख्याखाली, आणि तुम्ही हॉलमध्ये सतरंजीवर. हे नियमानुसार आहे.

फरशी पुसताना सावधान. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाइल, आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशकं. अशा फिनॉलच्या जातीच्या रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. फरशीवरचं विष असं पोटात जातं.

पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे ज्याला लोक ‘मांजरांचा पार्वो’ म्हणतात, त्याचा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो आणि सॅनिटायझरला दाद देत नाही. तो घरात आला असेल तर आधी साबणानं जागा धुवावी, मग साध्या ब्लीचचा एक भाग बत्तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं राहू द्यावा, नंतर पाण्यानं पुसून पूर्ण वाळू द्यावं. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नये. तोवर पाचही जणांना लांब ठेवावं. कसं, ते त्यांनाच विचारावं.

पायरी ४ : पिंजऱ्यात बसवणे

प्रवासाचा पिंजरा माळ्यावरून खाली आला की दोन गोष्टी होतात. जिला न्यायचं ती नाहीशी होते आणि ज्याला न्यायचं नाही तो गब्बर आत जाऊन झोपतो. म्हणून पिंजरा बारा महिने हॉलमध्येच उघडा ठेवावा, आत जुनी चादर घालावी. वरचं झाकण निघणारा पिंजरा घेतला तर निम्मं युद्ध टळतं. चिंगीला टॉवेलात गुंडाळा, वरून आत ठेवा, वर पातळ कापड टाका.

रिक्षात प्रश्नोत्तरांची तयारी ठेवा. मांजर आडवं गेलं तर रिक्षा थांबवणारे दादा मागच्या सीटवर तेच मांजर असेल तर आपुलकीनं चौकशी करतात. ‘कितीला घेतली?’ हा पहिला प्रश्न. ‘जिन्याखाली मिळाली’ हे खरं उत्तर दिल्यावर, ‘मग हिला एवढा खर्च?’ हा दुसरा. त्याचं उत्तर अजून कोणाला सुचलेलं नाही.

पायरी ५ : गोळी देणे

लागणारं साहित्य : जाड टॉवेल एक, माणसं दोन, गोळी एक (प्रत्यक्षात तीन), सुई नसलेली सिरिंज, पाणी.

१. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं चिंगीला गुंडाळा. चारही पाय आत आहेत ना, मोजा.
२. पुन्हा मोजा.
३. एका हातानं डोकं वरून धरून किंचित मागे करा, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडा, गोळी जिभेच्या मागच्या टोकाला टाका आणि तोंड मिटा.
४. लगेच सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं, एकूण चमचाभर पाणी द्या. ही पायरी गाळू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडीच दिली तर अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते.
५. शाबासकी द्या.
६. सोफ्याखाली गोळी सापडते. ती आजची की कालची, हे ठरवा.

गोळी खाण्यात लपवण्याचा मार्ग एकाच मांजराच्या घरात चालतो. इथे चिंगीची गोळी बापूच्या पोटात जाईल आणि डॉक्टरांना फोन बापूसाठी करावा लागेल. चिंगी दोन दिवसांत बरी दिसली तरी कोर्स पूर्ण करावा.

नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही तर ते खात नाही. ओलं खाणं कोमट करून द्या, नाक-डोळे कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसा.

पायरी ६ : घरवापसी

चिंगी बरी होऊन दवाखान्यातून परत आली. तिच्या अंगाला स्पिरिटचा, कुत्र्यांचा आणि अनोळखी हातांचा वास आहे. मांजरं आपल्या माणसाला वासावरून ओळखतात. त्यामुळे एरवी तिच्या कुशीत झोपणारा सोन्या आज तिच्यावर फिस्कारतो आणि गब्बर तिच्याकडे ओळखपत्र मागतो. नवशिक्यांना वाटतं, घर फुटलं. फुटलेलं नसतं. तिला थेट मध्ये सोडू नका. एखादा दिवस वेगळं ठेवा, सगळे झोपतात ती चादर तिच्याजवळ ठेवा, त्याच कापडानं सगळ्यांना आळीपाळीनं पुसा. घराचा वास अंगाला लागला की तिचं नागरिकत्व परत मिळतं.

पायरी ७ : सल्लागारांपासून बचाव

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं. तिथून पदवी घेऊन डॉक्टर बाहेर पडायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून शेजारच्या काकू मांजरांवर उपचार करत आहेत. काकूंचा मान राखावा, चहा द्यावा, पण पुढील औषधं घेऊ नयेत.

हळद-दूध : बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. गोष्टीतलं मांजर डोळे मिटून दूध पितं. खऱ्या मांजराला जुलाब होतात आणि ट्रे तुम्ही उपसता.

लंघन : ‘पोटाला आराम द्या’ हा आपला परंपरागत उपदेश मांजराला लागू नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि यकृत बंद पडू लागतं. बापूसारख्या लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत जास्त. मांजरानं सबंध दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा.

‘तापाची अर्धी गोळी’ : पॅरासिटामॉल मांजराला कधीही, कितीही कमी, देऊ नये. ते निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरांत फारच तोकडी असते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. अर्ध्या गोळीनंही मांजर मरू शकतं.

कांदा-लसूण घातलेला रस्सा : त्यानं लाल पेशी फुटतात. ‘थोडासाच’ हे मोजमाप इथे चालत नाही.

कुत्र्याचं गोचिडीचं औषध : त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात.

पायरी ८ : इथे थट्टा नाही

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, जोर लावतो, ओरडतो आणि ट्रे कोरडाच राहतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ आहे. बऱ्याचदा ते बद्धकोष्ठ नसतं, लघवीचा मार्ग बंद झालेला असतो. यात एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट पाहू नका.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, झोपेत श्वास मिनिटाला तीसहून जास्त पडत असतील, मागचे पाय अचानक लुळे पडले असतील, किंवा लस न दिलेलं पिल्लू उलट्या करून मलूल पडलं असेल, तर ही मार्गदर्शिका बंद करा आणि निघा.

स्वाध्याय

प्र. १. दोन मांजरं आजारी आहेत. प्रत्येकाला दिवसातून दोन गोळ्या, सात दिवस. एकूण गोळ्या किती? (उत्तर : २८. विकत घ्याव्या लागतील त्या : ४०.)

प्र. २. कारणं द्या : घरात सर्वांत निरोगी असलेला बोकाच उपचारांच्या काळात सर्वांत जास्त अडचणीचा ठरतो.

प्र. ३. चूक की बरोबर : ‘आता यापुढे एकही मांजर आत घ्यायचं नाही.’ (या प्रश्नाला गुण नाहीत.)

समारोप

पाच मांजरांच्या घरात आजार एकाला होतो, पण लक्ष पाचांवर ठेवावं लागतं. कोण किती खातं, कोण कुठे झोपतं, कोण कोणत्या ट्रेत जातं हे ज्याला बरं असतानाच पाठ आहे, त्यालाच बिघाड वेळेवर कळतो. बाकी सगळं डॉक्टर करतात. पिल्लांची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून डॉक्टर सांगतील तितके डोस पूर्ण करा, मोठ्यांचे बूस्टर चुकवू नका. आणि आज झोपण्यापूर्वी एवढं कराच : रात्री उघडा असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा, पाचही जणांचं वजन करा आणि तारीख घालून वहीत लिहा.