शिरेतलं लोखंड

आपल्याकडे आजारपणाला मान मिळतो तो ॲडमिट झाल्यावर. डे-केअरवाल्याला कुणी विचारत नाही. माझं हिमोग्लोबिन आठावर उतरलं, गोळ्यांनी पोट बिघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आयर्न शिरेतूनच देऊ. सकाळी या, दुपारी घरी." लगेच जाऊबाईंचा फोन.

"ॲडमिट व्हायचंय?"

"नाही हो."

"मग सलाईन?"

"त्यातूनच देणार."

पलीकडे शांतता. डबा पाठवायचा की नाही, हा पेच होता. शेवटी "लोखंडी कढई वापर म्हणून कधीची सांगत होते" एवढ्यावर माझी बोळवण झाली.

डे-केअर म्हणजे एक हॉल, मागे कलणाऱ्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी स्टँड. सिस्टरने मनगट पाहिलं, कोपर पाहिला, टिचक्या मारल्या, परत मनगटावर आली. "काकू, शिरा ठेवल्यात कुठं?" मला तरी काय ठाऊक! एकदाचा विगो बसला.

शंभर मिली सलाईनमध्ये दोनशे मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज मिसळल्यावर रंग येतो तो थेट कोऱ्या चहाचा. वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे एकूण दोन हजार थेंब, हा हिशेब शेजारच्या आजोबांनी मला न विचारता करून दिला. त्यांचं संधिवाताचं औषध चांगलं दोन तास चालायचं, त्यामुळे हॉलमध्ये ते सिनियर. अर्ध्या-पाऊण तासात उठणाऱ्या माझ्यासारखीकडे ते शिकाऊ उमेदवाराकडे बघावं तसे बघत.

समोरच्या काकांची बाटली संपली, तरी ते उठेनात. "सिस्टर, अजून एक साधी लावा ना. अंगात त्राण येतं."

"काका, पाचशे मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. घरी जाऊन ताक प्या."

"ताक शिरेत कुठं जातंय?"

यावर सिस्टर निरुत्तर झाली. आजोबांनी मान डोलावली. वैद्यकशास्त्राचं काहीही म्हणणं असो, हॉलचं मत काकांच्या बाजूने होतं. सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही, हे आम्ही सगळेच मनातून मानत होतो.

माझे थेंब संपले. रिअ‍ॅक्शन येतेय का ते पाहायला आणखी अर्धा तास बसवून ठेवलं. काहीच आलं नाही, फक्त भूक लागली. निघताना सिस्टरने बजावलं, "पुढच्या वेळी भरपूर पाणी पिऊन या, शिरा नीट सापडतात."

समोरून काकांचा आवाज आला, "मीठ घालून का?"